कोपरखैरणे ते खोपोली: तीन पिढ्यांच्या थीम पार्क सहलीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एकाच कुटुंबाच्या दोन घरांची ही सहल. थोरला मुलगा कोपरखैरण्यात राहतो. त्याच्या घरी बायको, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि आई-वडील. धाकटी बहीण ठाणे पूर्वेला कोपरीत, तिच्याकडे नवरा आणि चार वर्षांची मुलगी. एकूण नऊ माणसं. निमित्त होतं आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचं. हॉलमधल्या जेवणावळीला आजोबांनी नकार दिला आणि नातवंडांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं नाव काढलं.

हे पार्क 2013 साली सुरू झालं. त्याला जोडून पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे खालापूरजवळ सोडून खोपोली-पाली रस्त्याला लागलं की ते येतं. कोपरखैरण्याहून साधारण 60 किलोमीटर, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर सव्वा ते दीड तास. अंतर इतकं कमी आहे म्हणूनच बरेच जण नियोजन करायचं सोडून देतात. सकाळी निघू, दिवसभर फिरू, रात्री परत. धडधाकट चार मित्रांना हे पुरतं. या नऊ जणांना पुरणारं नव्हतं.

अडचण

आजोबा 74 वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. आजी 69 वर्षांच्या, गुडघे दुखतात, मधुमेह आहे आणि संकष्टीचा उपास मोडत नाहीत. नातवंडांची उंची 148, 119.5 आणि 98 सेंटिमीटर. इथे वयापेक्षा उंची आधी लिहिली आहे, कारण पार्कात तिकिटापासून राइडपर्यंत बहुतेक गोष्टी उंचीवरच ठरतात.

या तीन उंच्यांचा अर्थ असा की तिन्ही मुलांना एकत्र बसता येईल अशा राइड्स मोजक्याच होत्या. त्यात दोन वयस्कर माणसं, ज्यांना वेगाच्या कुठल्याही राइडवर बसायचं नव्हतं. कुटुंबाचा हट्ट मात्र होता की दिवसभर सगळे बरोबर राहायचे. नऊ जण एकत्र फिरले असते तर प्रत्येक राइडला कुणी ना कुणी बाहेर थांबलं असतं, आणि सगळा घोळका सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने फिरला असता. दिवसाचं बजेट 25,000 रुपये होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न दिवसाचा. शनिवार-रविवार लगेच बाद झाला. पार्कात गर्दी असते हे एक कारण. दुसरं म्हणजे रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांमुळे एक्सप्रेसवेची मुंबईकडची बाजू तुंबते. दमलेली पोरं गाडीत दोन तास अडकून पडली की दिवसभराची मजा तिथेच संपते. पावसाळाही नको होता. खोपोलीचा पाऊस जोराचा, आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवाव्या लागतात. म्हणून जानेवारी. मुलीच्या शाळेला स्नेहसंमेलनानंतर दोन दिवस सुट्टी होती, मुलाची एक दिवस शाळा बुडणार होती. ते सगळ्यांना मान्य झालं.

मंगळवार ठरला. ऑनलाइन तिकिटांवर त्या दिवशी सवलतही होती. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी आजींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवारी संकष्टी, म्हणजे अंगारकी. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास. मधुमेहाची गोळी, दिवसभराचं चालणं आणि बाहेरचे पदार्थ आत न्यायला बंदी असलेली जागा, हे तिन्ही उपासाच्या दिवशी एकत्र आलं असतं. साखर उतरवणारी गोळी पोटात गेल्यावर खाणं लांबलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस चक्कर येऊन पडतो. सवलत सोडून बुधवार घेतला, सगळ्यांचे मिळून आठशे-नऊशे रुपये जास्त पडले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. दिवस ठरवताना शाळेचं वेळापत्रक सगळे बघतात, पंचांग कुणी बघत नाही. मराठी घरातल्या वयस्कर माणसांचं खाणंपिणं मात्र पंचांगावरच चालतं.

दुसरा प्रश्न वॉटर पार्कचा. थीम पार्क आणि वॉटर पार्क मिळून तिकीट घेतलं की स्वस्त वाटतं, पण नऊ तासांच्या दिवसात दोन्ही अर्धवटच होतात. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत. सुताचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, शिवाय भिजलेलं सुती कापड जड होऊन अंगाला चिकटतं आणि घसरगुंडीवर अडतं. म्हणजे सात जणांचे नायलॉनचे पोशाख आणायचे किंवा भाड्याने घ्यायचे, दोनदा कपडे बदलायचे, ओली पिशवी दिवसभर सांभाळायची आणि तेवढा वेळ आजी-आजोबांनी कडेला बसून राहायचं. जानेवारीत पाणीही गार. हा पर्याय मे महिन्यावर ढकलला.

तिसरा प्रश्न गाडीचा. खोपोलीला लोकल जाते, पण कर्जतच्या पुढचा फाटा एकेरी आणि गाड्या मोजक्या. कोपरखैरण्याच्या लोकांनी आधी ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ठाण्याला जायचं, तिथून खोपोली लोकल पकडायची, उतरल्यावर रिक्षा. दुखऱ्या गुडघ्यांना तीन चढउतार परवडणारे नव्हते. घरच्या दोन मोटारी नेता आल्या असत्या, पण मग परतीला दोघा दमलेल्या माणसांनी रात्री गाडी चालवायची. 13 सीटचा टेंपो ट्रॅव्हलर ठरला. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान किलोमीटर धरतात, बहुधा 250 किंवा 300. येऊन-जाऊन जेमतेम 130 किलोमीटर भरले तरी पैसे किमानाचेच द्यावे लागतात. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यात धरला आहे की वेगळा, हे आधीच लिहून घेतलं. त्यामुळे परतीला वाद झाला नाही.

रांग टाळायच्या जास्त पैशांच्या पासवरही बोलणं झालं. तो उपयोगाचा होता नऊपैकी तिघांनाच, आणि बुधवारी मोठ्या रांगा फक्त दोन-तीन राइड्सना लागतील असा अंदाज होता. घेतला नाही.

चौथा प्रश्न देवदर्शनाचा. आजींचं म्हणणं होतं, एवढं खोपोलीपर्यंत जातोय तर महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर दोन्ही करून येऊ. अष्टविनायकांपैकी हे दोन्ही रायगड जिल्ह्यातले. पण पार्काहून पालीला जाऊन यायला दर्शनासकट तीन तास गेले असते, आणि तेही भर दिवसातले. महडची गोष्ट वेगळी होती. ते वाटेवरच आहे आणि मंदिर पहाटे उघडतं. पार्काचे दरवाजे उशिरा उघडतात, म्हणजे सकाळचा वेळ तसाही रिकामाच होता. महड घेतलं, पाली सोडलं.

तयारी

थोरल्या सुनेने घरच्या दरवाजाच्या चौकटीला मुलांना उभं केलं, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलने रेघ मारली. मुलगा 119.5 भरला. मोजणी रात्री झाली होती. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर कमी भरते. सकाळी पुन्हा मोजलं तेव्हा 120.5 आली. हा सेंटिमीटर फार मोलाचा ठरतो, कारण मधल्या वेगाच्या बऱ्याच राइड्सची किमान उंचीची रेष जगभर 120 वर असते. अर्थात मुलाला अशा राइड्सवर सकाळीच न्यायला हवं होतं.

बुटांच्या जाड तळव्यावर भरवसा ठेवू नये. गेटवरचा कर्मचारी बूट काढायला सांगू शकतो, आणि ते बरोबरच आहे. राइडमध्ये बसल्यावर लावला जाणारा मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरची कमान ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. मूल लहान असलं तर कंबर दांड्याखालून सरकू शकते. मूल किती धीट आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

मोठ्या रोलर कोस्टरवर मुलगा बसू शकणार नाही हे त्या रात्री चौकटीपाशीच कळलं होतं. तीव्र कोस्टरच्या रेषा बहुतेक ठिकाणी 130 ते 140 च्या दरम्यान असतात. वडील महिनाभर त्याला पार्कातल्या 'नायट्रो' या मोठ्या कोस्टरची चित्रफीत दाखवत होते. आता सांगितलं तर रडेल, तिथे गेल्यावर दुसरं काहीतरी दाखवू, असं दोघांनी ठरवलं. या निर्णयाकडे पुढे परत येऊ.

आजोबांच्या डॉक्टरांना भेटून नेमकं विचारलं गेलं. 'सहलीला जाऊ का' या प्रश्नाला उत्तर 'जा' असंच मिळतं. इथे राइड्सची यादी नेली होती. वेगाच्या, उंचावरून पडणाऱ्या आणि अंधारात दचकवणाऱ्या राइड्स नकोत, कारण नाडी आणि रक्तदाब एकदम वर जातात. हे अपेक्षित होतं. अनपेक्षित निघाल्या त्या एकमेकींवर आदळणाऱ्या होड्या. लहान मुलांच्या म्हणून आजोबांनी त्या स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना साध्या धक्क्यानेही कातडीखाली रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्या खोडल्या. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी लॉकरमध्ये न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवायची आणि ती कुठे आहे हे आणखी दोघांना माहीत असायला हवं, असंही ठरलं.

ठाण्याचे तिघे आदल्या रात्रीच कोपरखैरण्याला मुक्कामाला आले. सकाळी गाडी आधी कोपरीला पाठवली असती तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या कोंडीत अर्धा-पाऊण तास गेला असता.

नऊ जणांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात थोरला मुलगा, जावई आणि बारा वर्षांची मुलगी, तीव्र राइड्ससाठी. दुसऱ्यात सून आणि सात वर्षांचा मुलगा. तिसऱ्यात बहीण, तिची मुलगी आणि आजी-आजोबा. भेटायच्या वेळा तीन: सव्वाबाराला जेवण, तीनला चहा, साडेपाचला शेवटचा फेरा. जागा एकच, मुलांच्या चक्री घोड्यांजवळचा बाक. फोनवर विसंबायचं नाही, कारण फोटो काढून दुपारपर्यंत बॅटरी उतरते.

दिवस कसा गेला

साडेसहाला गाडी निघाली. कळंबोलीहून एक्सप्रेसवे, पावणेआठला महड. अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी मंदिरात शांतता होती, पंचवीस मिनिटांत दर्शन झालं. बाहेर मिसळ आणि चहा. आजींनी गोळी घेऊन घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. सव्वादहाला पार्काच्या गेटवर. आजींसाठी व्हीलचेअर लगेच घेतली. आधी त्यांनी ती नाकारली होती. 'खुर्ची पिशव्या ठेवायला घेऊ, वाटलं तर बसा' असं जावयाने म्हटल्यावर तयार झाल्या, आणि अकरानंतर उठल्या नाहीत.

दरवाजा उघडल्यावर बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडपाशी थांबतात. पहिला गट न थांबता थेट नायट्रोकडे गेला. हा फरशी नसलेला कोस्टर आहे. पाय अधांतरी लोंबतात, म्हणून मागे पट्टा नसलेल्या चपला काढून ठेवाव्या लागतात. तिघांनीही लेसचे बूट घातले होते. पंधरा मिनिटांत एक फेरी आणि लगेच दुसरी.

रांगेचा अंदाज कसा घ्यायचा, तो हिशेब जावयाला चांगला जमला. गाडीत 24 माणसं बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते असं धरा. तासाला 480 जण. पुढे 200 माणसं असतील तर 25 मिनिटं. गाडीत जागा रिकाम्या जात असतील तर पाच मिनिटं आणखी. बाहेरच्या पाटीवरच्या वेळेपेक्षा दोन गाड्या घड्याळ लावून मोजणं खात्रीचं.

सून आणि मुलगा मधल्या वेगाच्या राइड्सकडे जाणार होते. वाटेत मुलाला नायट्रोचा रूळ दिसला, वर ओरडणारी ताई दिसली, आणि तो धावत रांगेपाशी गेला. मोजपट्टीची रेष त्याच्या डोक्याच्या बरीच वर होती. कर्मचाऱ्याने शांतपणे नाही म्हटलं. मुलगा खांबाला धरून बसला. "बाबा, तुम्ही म्हणाला होता ना!" एवढंच परत परत. वडील रांगेतून बाहेर आले. समजूत काढण्यात चाळीस मिनिटं गेली, आणि ती गेली सकाळच्या सर्वांत रिकाम्या तासातली. त्यानंतर बराच वेळ मुलगा कुठल्याच मोजपट्टीजवळ जायला तयार नव्हता. 120 ची रेष त्याला सकाळी सहज जमली असती. तिथे तो उभा राहिला जेवणानंतर, दीडला. थोडक्यात पार झाला, पण तोवर रांग पाऊण तासाची होती.

जेवण ठरल्या वेळी, सव्वाबाराला झालं. एकच्या आत टेबल मिळतं, नंतर ताट हातात धरून उभं राहावं लागतं. आजींच्या गोळीमुळे पाळलेली वेळ सगळ्यांच्याच उपयोगाची ठरली.

दुपारी 'आय फॉर इंडिया'ला सगळे नऊ जण एकत्र आले. तिथे खुर्चीत बसून भव्य पडद्यावर देशावरून उडाल्यासारखं वाटतं. बाहेरची सूचनांची पाटी वाचून, कर्मचाऱ्याला आजोबांच्या तब्येतीचं सांगून आणि विचारून मगच ते बसले. चार वर्षांची मुलगी दोनलाच आईच्या खांद्यावर झोपली होती. पहाटे साडेपाचला उठवलेल्या मुलाचं हे होणारच. तिची बाबागाडी टेंपोतच राहिली होती. पाऊण तास बहीण तिला घेऊन आजी-आजोबांशेजारी बसून राहिली.

तीनची भेट चुकली. पहिला गट दुसऱ्या कोस्टरच्या रांगेत होता, पुढे दीडशे माणसं, सोडवेना. साडेतीनला पोचले. तोवर आजोबा त्यांना शोधायला एकटेच निघाले होते. गोळी खिशात होती हे खरं, पण फोन बहिणीच्या पर्समध्ये. दहा मिनिटांत सापडले. ती दहा मिनिटं आजींनी कशी काढली असतील, याची कल्पना करता येते.

पावणेपाचला 'राजासॉरस'च्या पाण्यातल्या राइडची रांग आखूड दिसली म्हणून सून आणि दोन्ही मोठी मुलं गेली. होडी खाली कोसळते आणि पाणी उडतं. मुलगा कमरेपर्यंत भिजला. सुके कपडे पार्किंगमध्ये. जानेवारीत सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, आणि त्या सपाट मैदानात वारा लागतो. पुन्हा आत येता येईल का हे गेटवर विचारून वडील कपडे घेऊन आले, त्यात वीस मिनिटं गेली. तोवर मुलगा आजोबांच्या शालीत गुंडाळलेला.

सातला निघाले. उरलेल्या पुऱ्या गाडीत संपल्या. नऊला घरी.

निष्पत्ती

खर्च 26,850 झाला. तिकिटं 12,600, गाडी सगळं धरून 8,000, आतलं खाणं 4,150, महड आणि नाश्ता 1,000, लॉकर आणि फोटो मिळून 1,100. वाढलेल्या 1,850 मध्ये दिवस बदलल्याचे पैसे आणि न ठरवता विकत घेतलेला एक फोटो आहे. त्यात नऊही जण आहेत.

पहिल्या गटाच्या नऊ राइड्स झाल्या, सात वर्षांच्या मुलाच्या पाच, छोटीच्या सहा. आजोबांच्या दोन. आजोबांना तिकीट वाया गेलं असं वाटलं का, हा प्रश्न घरात निघाला. त्यांचं उत्तर होतं की मोठी नात दोन्ही हात वर करून खाली येताना त्यांनी खालून पाहिली, पैसे तिथेच वसूल झाले.

काय वेगळं करता आलं असतं

मोठी चूक गेटवर झाली नाही, ती चौकटीपाशी झाली. रेघ मारली त्याच रात्री मुलाला सांगायला हवं होतं, आणि त्याच्या जोडीला तो कशावर बसू शकेल त्या चार राइड्सची नावंही. घरी रडला असता तर दहा मिनिटं गेली असती. तिथे चाळीस गेली आणि ताईची मजा बघायचीही त्याला इच्छा राहिली नाही.

भेटायच्या वेळेआधी तीस मिनिटं कुणीही नव्या रांगेत शिरायचं नाही, एवढा एक नियम असता तर तीनची भेट चुकली नसती. आजोबांचा फोन त्यांच्याच खिशात हवा होता. उशीर झाला तर शोधायला जायचं नाही, बाकावरच थांबायचं, हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. मुलांना आपण हे सांगतो, वडीलधाऱ्यांना सांगायचा संकोच करतो.

पाण्याची राइड उन्हात, एक ते दोनच्या दरम्यान. प्रत्येक मुलाचा एक सुका जोड आणि पंचा गेटजवळच्या लॉकरमध्ये, बाबागाडी टेंपोत न ठेवता बरोबर.

महडबद्दल दोन मतं संभवतात. छोटीची झोप गेली ती त्या पहाटेमुळे. पण आजींसाठी तो दिवस महडपासून सुरू झाला आणि नंतरचे आठ तास त्यांनी तक्रार न करता काढले. चार वर्षांचं मूल बरोबर नसेल तर हे दर्शन बिनदिक्कत ठेवावं. असेल तर त्याला बाबागाडीत दुपारी दीड तास झोपू द्यायची तयारी ठेवून ठेवावं.

चौकटीवरच्या रेघेपुढे आता तारीख लिहिली आहे. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे मोठ्या कोस्टरला दोन ते चार वर्षं. हा हिशेब मुलाने स्वतः वहीत मांडलाय. मे महिन्यात वॉटर पार्कला जाण्याआधी तो सकाळी मोजणार आहे.